शिफारसपत्रावर सही कोणाची?

प्रोटेस्टंट बंधूंच्या सेमिनरीविषयी आपल्या कॅथलिक घरांत एक समज फार दिवसांपासून मुक्काम ठोकून आहे. तो असा की, तिकडे पाळक होणे सोपे असते. अर्ज केला, शुल्क भरले, तीन-चार वर्षे पुस्तके वाचली की माणूस 'रेव्हरंड' होऊन बाहेर पडतो. लग्न झालेला चालतो, स्त्री चालते, चाळिशी उलटलेला चालतो. आपल्याकडे मात्र केवढी तपश्चर्या, केवढ्या गाळण्या! असे बोलताना आपल्या स्वरात जो अभिमान डोकावतो, त्याची जरा झडती घ्यावी म्हणून हा लेखप्रपंच.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. त्यांच्या प्रवेशाच्या अटींमध्ये एक अट अशी आहे, जी मुळात आपल्या सर्वांची, प्रेषितांच्या काळापासूनची आहे. ती अट म्हणजे उमेदवार ज्या समाजात वाढला त्या समाजाची साक्ष. त्यांनी ती प्रवेशअर्जावर लिहून ठेवली आहे. आपण ती अर्जाच्या तळाशी असलेल्या एका सहीपुरती उरवली आहे, आणि ती सही धर्मगुरूची असते, लोकांची नसते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. भारतातील प्रोटेस्टंट ईशज्ञानशिक्षणाचा मोठा वटवृक्ष म्हणजे बंगालमधील सेरामपूर कॉलेज. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी ते १८१८ साली स्थापन केले. ज्या कॅरीने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले, तोच हा कॅरी. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने या कॉलेजला सनद देऊन पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. १८३३ साली त्याचे नियम तयार झाले. त्यातील प्रवेशाचा नियम आपण कॅथलिकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावा असा आहे. कोणत्याही ख्रिस्ती पंथाचा विद्यार्थी, मग तो प्रोटेस्टंट असो, रोमन कॅथलिक असो, ग्रीक वा आर्मेनियन असो, तेथे प्रवेशास पात्र आहे. हिंदू आणि मुसलमान तरुणही अध्ययनासाठी येऊ शकतात. जात, वर्ण वा देश ही कोणाच्याही आड येणारी गोष्ट नाही, असे तो नियम सांगतो. ज्या काळी रोम आणि प्रोटेस्टंट पंथ एकमेकांचे तोंड पाहण्यास तयार नव्हते, त्या काळी हे लिहिले गेले आहे.

या सेरामपूरच्या सेनेटशी आज देशभरातील अनेक सेमिनरी जोडलेल्या आहेत. आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळ येथे सुरू झाली आणि १९८३ साली पुण्यास आली. अशा सेमिनरींत बी. डी. च्या प्रवेशासाठी सर्वसाधारणपणे काय मागितले जाते? विद्यापीठाची पदवी किंवा त्या त्या अभ्यासक्रमाला लागणारी शैक्षणिक पात्रता, बाप्तिस्म्याचा आणि मंडळीच्या सभासदत्वाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, आपल्या श्रद्धेविषयी आणि पाचारणाविषयी स्वहस्ते लिहिलेले निवेदन, प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत. आणि या सर्वांबरोबर, उमेदवाराच्या मंडळीचे शिफारसपत्र. पुष्कळदा हे पत्र केवळ चांगल्या वर्तणुकीचा दाखला नसते. 'हा आमचा माणूस आहे, आम्ही याला पाठवीत आहोत, याच्या खर्चाचा भार आम्ही उचलू आणि शिक्षण संपल्यावर याला सेवेसाठी परत घेऊ', अशी ती जबाबदारी असते. पंथापंथांत या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि सर्वत्र त्या सारख्याच कसोशीने पाळल्या जातात असे माझे म्हणणे नाही. पण अट लेखी आहे आणि तिचा आशय स्पष्ट आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे १८१२ साली प्रेस्बिटेरियन पंथाची सेमिनरी सुरू झाली, तिच्या आराखड्यातही हाच क्रम आढळतो. उमेदवाराच्या बुद्धीविषयी आणि वर्तनाविषयी समाधानकारक साक्षपत्रे आणावीत, तो एखाद्या मंडळीचा पूर्ण सभासद असावा, आणि महाविद्यालयीन शिक्षण झाले नसेल तर परीक्षा द्यावी. विद्येची उणीव परीक्षेने भरून काढता येत होती. साक्षपत्रांना मात्र असा पर्याय ठेवलेला नव्हता.

आता आपल्याकडे वळू. आपल्या अटी सैल आहेत असे कोणी म्हणणार नाही. ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५६३ साली सेमिनरीची स्थापना करण्याचा जो आदेश दिला, त्यात मुलगा किमान बारा वर्षांचा असावा, धर्मसंमत विवाहातून जन्मलेला असावा आणि त्याला बऱ्यापैकी लिहिता-वाचता यावे, अशा अटी होत्या. त्यातच एक वाक्य असे होते की, प्राधान्याने गरिबांची मुले घ्यावीत. श्रीमंतांची मुले नाकारू नयेत, मात्र त्यांनी आपला खर्च आपण करावा. १९८३ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातील २४१ वे कलम मानवी, नैतिक, आध्यात्मिक आणि बौद्धिक गुण, शरीराचे व मनाचे आरोग्य आणि हेतूची शुद्धता पाहून बिशपांनी उमेदवाराला प्रवेश द्यावा असे सांगते. २०१६ साली रोमहून धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाची नवी मार्गदर्शिका आली. तिने सेमिनरीतील अभ्यासाला आरंभ होण्यापूर्वी एक ते दोन वर्षांचा तयारीचा काळ आवश्यक ठरविला आणि मानसशास्त्रज्ञांच्या साहाय्याचीही तरतूद केली. सारे उत्तम आहे. परंतु या साऱ्या व्यवस्थेत बिशप आहेत, रेक्टर आहेत, डॉक्टर आहेत, मानसशास्त्रज्ञ आहेत. धर्मग्रामातील कुटुंबे कोठे आहेत?

त्याच कायद्याचे २३३ वे कलम म्हणते की, पाचारणाची जोपासना करणे हे साऱ्या ख्रिस्ती समाजाचे कर्तव्य आहे. प्रत्यक्षात होते काय? मुलगा येतो, धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला भेटतो, पत्र घेतो आणि जातो. धर्मगुरू त्या धर्मग्रामात पाच-सहा वर्षांचा पाहुणा. त्याने तो मुलगा पाहिला तो वेदीसेवकांच्या रांगेत, धुतलेल्या झग्यात, रविवारच्या चेहऱ्याने. तो मुलगा घरी धाकट्या बहिणीशी कसा वागतो, आजारी आजीच्या उशाशी बसतो की नाही, क्रिकेटमध्ये बाद झाल्यावर बॅट फेकतो की निमूटपणे बाहेर येतो, उधार घेतलेले पैसे परत करतो का, आपल्यापेक्षा गरीब मित्राला कोणत्या नावाने हाक मारतो, हे कोणाला ठाऊक असते? शेजाऱ्याला. धर्मशिक्षण देणाऱ्या बाईंना. आळीतल्या दुकानदाराला. त्याच्याबरोबर शिकलेल्या मुलामुलींना. आणि यांपैकी एकालाही कोणी काही विचारीत नाही.

वाचकांपैकी अनेकांनी गुरुदीक्षेचा विधी पाहिला असेल. त्यात आरंभीच बिशप विचारतात की, हे उमेदवार योग्य आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे का? तेव्हा त्यांना सादर करणारे धर्मगुरू उत्तर देतात की, ख्रिस्ती लोकांकडे चौकशी केल्यानंतर आणि जबाबदार व्यक्तींच्या शिफारशीवरून ते योग्य ठरले आहेत. मग आपण टाळ्या वाजवतो. माझा प्रश्न त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना आहे. ती चौकशी तुमच्याकडे कोणी केली होती काय? केली नसेल, तर देवाच्या वेदीसमोर तुमच्या नावाने दिलेल्या त्या उत्तराला तुम्ही टाळ्या का वाजवता?

ही चौकशी काही प्रोटेस्टंटांनी शोधून काढलेली नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या अन्नवाटपासाठी सात जण निवडायचे होते, तेव्हा प्रेषितांनी ते स्वतः निवडले नाहीत. ज्यांच्याविषयी चांगले बोलले जाते अशी माणसे तुमच्यातून शोधून काढा, असे त्यांनी समुदायाला सांगितले आणि मग त्यांच्यावर हात ठेवले. पौलाने तीमथ्याला बरोबर घेतले, तेव्हा लुस्त्र आणि इकुन्य येथील बंधूंची त्याच्याविषयीची साक्ष चांगली होती, असे त्याच ग्रंथात नमूद आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी एका पत्रात आग्रहाने मांडले की, धर्मगुरूची निवड लोकांच्या समक्ष व्हावी, कारण प्रत्येकाचे जीवन ठाऊक असते ते लोकांनाच. ३७४ साली मिलानच्या लोकांनी अँब्रोज यांना बिशप म्हणून मागितले, तेव्हा त्यांचा बाप्तिस्माही झाला नव्हता. आजच्या आपल्या अर्जावरील पहिल्याच दाखल्यापाशी ते अडले असते! १९१७ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात तर गुरुदीक्षेच्या उमेदवारांची नावे धर्मग्रामाच्या चर्चमध्ये जाहीर करण्याचा नियम होता. जशी लग्नापूर्वी नावे वाचून हरकत विचारतात, तशीच ही पद्धत होती. १९८३ सालच्या कायद्याने जाहीर घोषणेचा मार्ग बिशपांना खुला ठेवला. पण तो अनेक साधनांपैकी एक म्हणून, आणि तोही प्रवासाच्या अखेरीस. मुलगा सेमिनरीत सात-आठ वर्षे काढून आल्यावर हरकत कोण घेणार? आमंत्रणपत्रिका छापल्या गेल्या, मंडप उभा राहिला, बँड ठरला, की खऱ्याची जीभ लुळी पडते. साक्ष हवी ती दार उघडण्यापूर्वी.

यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप असा की, पाचारण देवाकडून येते. ते काय ग्रामपंचायतीची निवडणूक आहे? नाही. मी मतदान मागत नाही, साक्ष मागतो. निर्णय बिशपांचाच राहील. परंतु देवाचा आवाज मुलाच्या कानात येतो, तोच देव समाजाच्या मुखानेही बोलतो. आपल्याला हाक आली आहे असे ज्याला वाटते, त्याचे ते वाटणे खरे की मनाचे खेळ, हे ठरविण्याचे एक साधन देवाने समाजाच्या हाती दिले आहे. ते साधन कपाटात बंद ठेवणे ही काही देवभक्ती नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. शिफारसपत्रे गटबाजीने मिळतात, पैशानेही मिळतात. एखाद्या स्वतंत्र मंडळीत बाप पाळक असेल तर तो मुलाचे पत्र स्वतःच लिहील. ही भीती खोटी नाही. पण ती भीती बंद पाकिटातल्या पत्राविषयी आहे. जे पत्र एकाने लिहिले आणि एकाने वाचले, त्यात काय नाही लपणार? उघड्यावर मागितलेली आणि अनेकांनी दिलेली साक्ष विकत घेणे फार कठीण असते. आयर्लंडमध्ये २००९ साली डब्लिन धर्मप्रांताविषयीचा मर्फी अहवाल प्रसिद्ध झाला. मुलांवरील अत्याचाराच्या तक्रारी तेथे कशा गुपचूप दाबून ठेवल्या गेल्या, हे त्याने जगापुढे ठेवले. २०१९ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांना याच विषयावर साऱ्या जगातील बिशपांच्या परिषदांचे अध्यक्ष रोमला बोलावावे लागले. ज्या समाजाला आधी कोणी विचारले नाही, त्याचे नंतरही कोणी ऐकले नाही. लोकांना गप्प बसण्याची सवय एका दिवसात लागत नाही. ती अशाच लहान लहान सह्यांतून लागत जाते.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूचा आहे. पाचारणे आटत चालली असताना नव्या अटी कशाला? आहेत त्या सैल करा; संत जॉन मेरी व्हियानी लॅटिनमध्ये नापास झाले नव्हते काय? बिचाऱ्या व्हियानींना आपण प्रत्येक ढिलाईसाठी साक्षीला बोलावतो. ते लॅटिनमध्ये कच्चे होते आणि लिआँच्या सेमिनरीतून त्यांना परत यावे लागले, हे खरे. पण १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली ती अटी सैल झाल्या म्हणून नव्हे. ज्यांनी त्यांना वर्षानुवर्षे जवळून पाहिले होते, शिकवले होते, आपल्या ताटात जेवू घातले होते, ते त्यांचे धर्मगुरू त्यांच्यासाठी ठामपणे उभे राहिले. तेव्हा गुणपत्रिका हरली आणि साक्ष जिंकली. व्हियानींचे उदाहरण माझ्या बाजूचे आहे.

चौथा आक्षेप सर्वांत जड, आणि त्याला मी टाळणार नाही. समाजाची साक्ष म्हणता, पण समाजच पक्षपाती असेल तर? इतिहास याची उत्तरे देऊन बसला आहे. १८३९ साली न्यूयॉर्कच्या एपिस्कोपल पंथाच्या जनरल सेमिनरीने अलेक्झांडर क्रमेल या तरुणाला प्रवेश नाकारला, कारण तो काळा होता. पुढे त्याने केंब्रिजची पदवी मिळवली आणि तो आपल्या लोकांचा मोठा विचारवंत झाला. यावरून प्रोटेस्टंटांकडे बोट दाखविण्याची घाई आपण करू नये. १८५४ साली गुलामगिरीत जन्मलेल्या ऑगस्टस टोल्टन याला अमेरिकेतील एकाही कॅथलिक सेमिनरीने घेतले नाही. क्विन्सी गावच्या धर्मगुरूंनी त्याला शिकवले, त्याच्यासाठी शब्द टाकला; दारे बंदच राहिली. शेवटी त्याला रोमला जावे लागले आणि १८८६ साली तेथे त्याला गुरुदीक्षा मिळाली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्याला 'आदरणीय' घोषित केले. आणि आपल्या अंगणात? गोव्यातील दिवाडी बेटावरच्या मातेउस द कास्त्रो यांना सतराव्या शतकात मायभूमीत गुरुदीक्षा मिळेना. तेही रोमला गेले, धर्मगुरू झाले आणि १६३७ साली बिशप होऊन परतले.

या तिघांच्या अर्जात लेखी उणीव काय होती? काहीच नाही. त्यांना अडवले ते अलिखित अटींनी. आणि अलिखित अटी सेमिनरीच्या कार्यालयात तयार होत नाहीत. त्या आपल्या ओटीवर, आपल्या लग्नाच्या बैठकीत, आपल्या आडनावांच्या चर्चेत तयार होतात. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या डिसेंबरात दलितांच्या सक्षमीकरणाविषयीचे धोरण प्रसिद्ध केले आणि आपल्या ख्रिस्तसभेत जातिभेद शिल्लक आहे हे उघडपणे मान्य केले. सेरामपूरच्या त्या १८३३ सालच्या नियमानेही त्यांच्या मंडळींतील जात आपोआप गेली नाही. तेव्हा आक्षेपाचे उत्तर असे आहे की, पक्षपाती समाज आज साक्ष देत नाही असे नाही. तो आजही देतो, पण कुजबुजीत. 'त्यांच्यातला मुलगा फादर होणार म्हणे' या एका वाक्यात, इंग्रजी न येणाऱ्या मुलाकडे पाहून हसण्यात, ती साक्ष रोज दिली जाते. कुजबुजीला सही लागत नाही. तीच साक्ष नावानिशी लिहून द्यावी लागली, तर बोलणाऱ्याला आपले शब्द आधी स्वतःच्या कानांनी ऐकावे लागतील.

म्हणून मागणी करतो ती मोजकी आणि करता येण्याजोगी. एखादा तरुण सेमिनरीत जाण्याची इच्छा व्यक्त करील, तेव्हा त्याचे नाव, त्याची संमती घेऊन, तीन रविवार मिस्सेच्या वेळी जाहीर करावे आणि ज्यांना त्याच्याविषयी काही सांगायचे असेल त्यांनी बिशपांना सहीनिशी लिहावे असे सांगावे. तो सापडल्या चुकीचा आरोपी नव्हे, म्हणून हे लिखाण बिशपांपाशीच राहावे आणि प्रतिकूल गोष्टीवर त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळावी. धर्मगुरूच्या पत्राबरोबर किमान तीन प्रापंचिकांची साक्षपत्रे जोडावीत. त्यात एक स्त्री असावी आणि एक घर असे असावे की ज्याचा उंबरा आपण सहसा ओलांडत नाही. आणि ज्या धर्मग्रामाने साक्ष दिली, त्या धर्मग्रामाने त्या मुलाच्या शिक्षणाचा काही वाटा उचलावा, मग तो महिन्याला घरटी दहा रुपये का असेना. ज्याच्यासाठी खिशात हात घातला त्याची आठवण राहते. ट्रेंटच्या त्या आदेशातील गरिबांची मुले आधी घेण्याचे वचन या दहा रुपयांवाचून कागदावरच राहील.

यातून पाचारणे कमी होतील अशी भीती वाटणाऱ्यांना एवढेच सांगतो की, ज्या घरांना आज कोणी विचारत नाही, ती घरे उद्या मुलगा देतील अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही. 'फादर का मिळत नाहीत?' हा प्रश्न पॅरिश कौन्सिलच्या सभेत दरवर्षी विचारला जातो. तो विचारणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या आळीतल्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन, 'बाळा, तुझ्यात मला हे दिसते आहे' असे कधी म्हटले आहे? समाजाची साक्ष ही केवळ चाळणी नसते. पुष्कळदा तीच पाचारणाची पहिली हाक असते.

तेव्हा वाचकहो, प्रोटेस्टंट सेमिनरीचा अर्ज पुढच्या वेळी कोठे पाहण्यात आला, तर त्यातील पदवीची, वयाची आणि लग्नाची कलमे वाचून हसू नका. मंडळीच्या पत्राचे कलम शोधा आणि स्वतःला विचारा की, असे पत्र माझ्याकडे कोणी मागितले, तर मी खरे लिहीन काय? लिहिणार असाल, तर ते मागितले जाण्याची वाट पाहू नका. तुमच्या धर्मग्रामातून यंदा कोणी सेमिनरीत जाणार असेल, तर पेन उचला आणि बिशपांना लिहा. चांगले असेल तर चांगले, खटकणारे असेल तर खटकणारे, पण खाली आपले नाव घाला.